शांतूची हरकत

शांतवन साळवे माझ्याशी जे शेवटचं वाक्य बोलला ते होतं, "तू मोकळा नव्हतास." रविवार होता. नेहमीप्रमाणे सकाळी मी त्याच्याकडे गेलो होतो. खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून तो बसला होता, नाकात ऑक्सिजनची नळी, अंगात तोच धुऊन धुऊन विटलेला निळा टी-शर्ट. करुणावहिनींनी न विचारता माझ्या हातात चहा दिला. मी आमच्या जुन्या संघातल्या गुरमीतच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत सांगत होतो आणि त्याचं तिकडे लक्ष नाही हे मला दिसत होतं. मधेच त्याने बोट वर केलं, दम गोळा केला आणि ते वाक्य म्हटलं. मी म्हटलं, "होतो." त्याने डोळे मिटले आणि अगदी समाधानाने मान हलवली… नाही अशी. बुधवारी सकाळी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले." फोन ठेवला आणि खरं सांगायचं तर मनात पहिल्यांदा दुःख आलंच नाही, आला तो राग. एवढ्या वर्षांच्या भांडणात शेवटची मान त्याचीच हलली होती आणि आता त्यावर अपील नव्हतं. रडू आलं ते पुष्कळ नंतर, दाढी करताना.

‘मोकळा’ म्हणजे काय, हे सांगायचं तर बास्केटबॉलपासून सुरुवात करावी लागेल. मी दिल्लीतल्या पहाडगंजातला. स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड, तिथल्याच मराठी शाळेत शिकलो, आणि उंची जरा बरी म्हणून पुढे कॉलेजात कुणीतरी हातात बास्केटबॉल दिला. शांतू कॅन्टोन्मेंटातला. त्याचे वडील मूळचे नगरचे, सैन्यात हवालदार, आणि छावणीच्या मैदानावर जवानांच्या पायांत पायांत येत हा खेळ शिकला. आमची गाठ पडली गाझियाबादच्या एका कारखान्यात. त्या काळी कारखान्यांना आपला संघ असण्याची हौस असायची आणि चांगल्या खेळाडूला खेळाच्या जोरावर नोकरी मिळायची. निवड चाचणीत एका सडपातळ, काळ्यासावळ्या मुलाने पंचाचा निर्णय ऐकून शुद्ध मराठीत पुटपुटल्यासारखं केलं, "ह्याच्या डोळ्यांत काय दही घातलंय?" मी फिस्सकन हसलो. त्याने वळून पाहिलं आणि म्हणाला, "अच्छा, म्हणजे तू पण आपलाच." त्या क्षणापासून तो माझा मित्र झाला, आणि पंचाशी त्याचं भांडण चालू असल्यामुळे माझी ओळख करून घ्यायला त्याला पुढचा अर्धा तास वेळ झाला नाही.

शांतवन हे नाव त्याच्या आजोबांनी बायबलमधून काढून ठेवलं होतं. इतकं चुकीच्या माणसाला दिलेलं दुसरं नाव मी पाहिलेलं नाही. शांतूला हरकत घेतल्याशिवाय अन्न पचायचं नाही. घरात मराठीत ‘माझी हरकत आहे’, बाहेर हिंदीत ‘मुझे ऐतराज है’, आणि दोन्ही वेळा उजव्या हाताचं बोट वर. चर्चच्या कमिटीत, कारखान्याच्या युनियनमध्ये, भाजीवाल्याशी, माझ्या मुलाच्या लग्नात मांडवाच्या दिशेवरून. करुणावहिनी नर्स होत्या, स्वभावाने शांत, कमी बोलणाऱ्या. दिवसभर वॉर्डातल्या लोकांचं ऐकून घरी यायच्या आणि घरी आल्यावर ह्याचं ऐकायच्या. एकदा मी त्यांना विचारलं होतं, वहिनी, तुम्हाला कंटाळा येत नाही? त्या म्हणाल्या, हे गप्प बसले की मी ताप बघते.

तर तो सामना. आमच्या संघाने एकदाच दिल्लीतल्या एका मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. समोर एका सरकारी खात्याचा धिप्पाड संघ. शेवटची काही सेकंदं उरली होती, आम्ही एका गुणाने मागे, आणि चेंडू शांतूच्या हातात, उजव्या कोपऱ्यात. मी बास्केटच्या बरोबर खाली उभा होतो. माझ्या अंगावर कोणी नव्हतं. मी दोन्ही हात वर केले, त्याच्या नावाने ओरडलो. नुसता चेंडू द्यायचा होता, झोपेतसुद्धा तो मी आत टाकला असता. शांतूने माझ्याकडे पाहिलं… पाहिलं असं मी आजही म्हणतो… आणि स्वतःच लांबून फेकला. चेंडू कड्यावर एक फेरी फिरला, दुसरी फिरली, आणि बाहेर पडला. शिट्टी वाजली. समोरच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर आमचे कारखान्यातले लोक डबे-ढोल घेऊन आले होते, त्यांनी ढोल खाली ठेवले. बसमध्ये परत येताना मी त्याला फक्त एवढंच म्हटलं, "मी मोकळा होतो." तो म्हणाला, "नव्हतास." त्या वाक्यांवर आमचं पुढचं सगळं आयुष्य गेलं. नोकऱ्या, लग्नं, मुलं, बढत्या, मोतीबिंदू, सगळं त्यांच्या अवतीभवती झालं.

मला चुकीचं समजू नका. आम्ही काही कटुतेने भांडत नव्हतो. पुरावेच इतके होते. तो मिठाच्या आणि मिरीच्या बाटल्या टेबलावर मांडून सिद्ध करायचा की समोरचा उंच गडी दोन पावलांत माझ्यावर आला असता. मी त्याच बाटल्या हलवून सिद्ध करायचो की तो गडी तेव्हा गुरमीतला धरून उभा होता. गुरमीत आमचा सर्वांत उंच खेळाडू, मनाने लोण्याचा सरदार; त्याला साक्षीला बोलावलं की तो म्हणायचा, यार मुझे तो बस अपनी पगड़ी की फ़िक्र थी. माझी आई गेली तेव्हा मी चार दिवस कुणाशी बोललो नव्हतो. लोक येत, बसत, जात. शांतूही रोज येऊन कोपऱ्यात बसायचा, आणि तोही गप्प, म्हणजे परिस्थिती किती गंभीर असेल पाहा. पाचव्या दिवशी घर भरलेलं असताना तो एकदम म्हणाला, "तसा तू मोकळा नव्हतासच." माझ्या आत्याबाई दचकल्या. मी रागाने लाल झालो, उठून बसलो, आणि त्याला सुनावलं, चांगलं पंधरा मिनिटं. मग मी जेवलो.

नव्वदच्या दशकात सगळं बदललं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या कारखान्यात परदेशी भागीदार आला. गेटवरची पाटी बदलली, कँटीनमध्ये स्टीलच्या ताटांऐवजी खणांचे ट्रे आले, आणि टाय लावलेल्या एका तरुण साहेबाने अतिशय नम्रपणे विचारलं की इथे बास्केटबॉलचं नेमकं काय काम आहे. क्लब बंद झाला. मैदानावर पत्र्याची शेड उभी राहिली. क्लबच्या खोलीत संघाचे फोटो होते, उपविजेतेपदाची एक ढाल होती, आमच्या आधीच्या पिढीतल्या खेळाडूंची नावं होती, ते सगळं एका दुपारी ट्रकमध्ये भरून गेलं. शांतू त्या दिवशी रजेवर होता. दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या खोलीत गेला, भिंतीवरचे खिळ्यांचे डाग बघून आला आणि संध्याकाळपर्यंत कशालाही हरकत घेतली नाही. आम्ही सगळे घाबरलो.

तोवर आम्ही कारखान्यातल्या लोकांनी मिळून काढलेल्या सोसायटीत राहायला आलो होतो. आज तिथे मॉल आहेत, मेट्रो आहे, पण तेव्हा चारी बाजूंनी फुलकोबीची शेतं होती आणि पहाटे बाल्कनीतून नीलगाई दिसायच्या. रस्ता नाही, फोन नाही, वीज आली तर आली. दिल्लीतले नातेवाईक विचारायचे, यमुनेपलीकडे कशाला गेलात, वनवासाला? पण शांतूने पहिल्याच सभेत पार्किंगच्या जागेला हरकत घेतली आणि तिथे बास्केटबॉलचं मैदान करून घेतलं. तेव्हा अख्ख्या सोसायटीत मोटारी दोन, त्यामुळे जमलं. पुढे दारोदार गाड्या आल्या आणि दरवर्षी पार्किंगचा ठराव यायला लागला, तो दरवर्षी शांतूने पाडला. मैदानाच्या कडेला पाण्याच्या पंपाची खोली होती, तिची लांब कोरी भिंत मैदानाकडे तोंड करून उभी होती. आणि त्याच सुमारास केबल आली. अमेरिकेतले बास्केटबॉलचे सामने भल्या सकाळी दिसायला लागले, आणि सामन्यांच्या मधे तिकडचे सुटाबुटातले म्हातारे बसून तावातावाने वाद घालत, की निवृत्त झालेल्या अमुक खेळाडूला मानाच्या दालनात जागा द्यावी की नाही. शांतू खेळापेक्षा तो वाद पाहायचा. ऑफिसच्या बसमध्ये म्हणायचा, काय लोक आहेत यार, एवढ्या मोठ्या खेळाडूचे वाभाडे काढताहेत, आणि डोळ्यांत पाणी आहे.

भिंतीची कल्पना त्याला पानिपताच्या वाटेवर सुचली. संक्रांतीला आमच्या इथली मराठी मंडळी बस करून काला अंबला जातात, जिथे ती लढाई झाली तिथे. थंडी, धुकं, तिळगूळ, घोषणा. परतताना शांतू बसमध्ये माझ्या शेजारी बसला होता. तो म्हणाला की आपण आपल्या संघाची भिंत करू या, पंपघरावर. रंगाने नावं लिहू, पण उगाच सगळ्यांची नाही. तिकडच्यासारखी, वाद घालून. मी म्हटलं, अरे, आपण एकही अंतिम सामना जिंकलेलो नाही, आपली कसली भिंत? त्याने खिडकीतून मागे बोट दाखवलं.

"आत्ता कुठून आलो आपण? तिथे कोण जिंकलं होतं?"

दरवर्षी डबे घेऊन आपण हरलेल्या लढाईला जातो, आणि त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही, हे खरंच होतं. सोनपतला बस चहाला थांबली तोवर नियमसुद्धा ठरले होते.

नियम सोपे होते. आमच्या संघातले जे सोसायटीत राहत होते ते मतदार. मतदाराला स्वतः उमेदवार होता येणार नाही, जिवंत आहे तोवर. वर्षाला एकच नाव. आणि शांतूने हट्टाने घालून घेतलेला नियम असा, की प्रत्येक नावाला कुणीतरी उभं राहून खरीखुरी हरकत घेतलीच पाहिजे. हरकतीशिवाय आलेलं नाव भिंतीवर जाणार नाही. तो म्हणायचा, ज्याच्याबद्दल वाईट बोलता येत नाही, तो मनापासून खेळलाच नसणार. हे काम अर्थातच त्याच्याकडे आलं. दिवस दसऱ्याचा. दसऱ्याला सोनं वाटायला आपट्याची पानं हवीत आणि दिल्लीत आपटा कुठला मिळायला, म्हणून इथली मराठी घरं कचनारची पानं वापरतात. ती तशीच जोडपानी, फक्त तळहाताएवढी मोठी. माझी आई असताना म्हणायची की ही आपट्याची नव्हेत, तर शांतू म्हणायचा, आई, दिल्लीत सगळं जरा मोठंच मिळतं. ख्रिस्ती माणूस, पण सोसायटीत आल्या आल्या त्याने स्वतःच्या ब्लॉकसमोर कचनारचं झाड लावलं, आणि दसऱ्याला पानं तोडून घरोघरी पोचवायचं काम कुणाला करू दिलं नाही. तीच पानं आमची मतं झाली. सोनं वाटून झालं की आम्ही पंपघरापाशी जमायचो. मधे एक पितळी थाळी. नाव पटलं तर आपल्या हातातलं पान थाळीत टाकायचं, नाही पटलं तर खिशात ठेवायचं. निम्म्याहून जास्त पानं पडली की नाव भिंतीवर. आणि हे सगळं सोसायटीसमोरच्या मैदानात रावण पेटायच्या आत उरकायचं, कारण नंतर फटाक्यांत काही ऐकू येत नसे.

काय एकेक वाद झाले त्या भिंतीपाशी. बॅनर्जीचा तर तीन दसरे चालला. बॅनर्जी आमच्यातला सर्वांत गुणी नेमबाज, डोळे बांधून बास्केट करायचा, पण ऐन हंगामात दुसऱ्या संघाने त्याला घरी फ्रिज पाठवला आणि तो निघून गेला. अशा माणसाचं नाव लिहायचं का? गुरमीत म्हणायचा, खेळ बघा. त्यागी नावाचा आमचा जुना कप्तान, इथलाच मुरादनगरकडचा, तो म्हणायचा, जो घर सोडून गेला त्याचा फोटो बैठकीत लावत नाहीत. शांतूने तर बॅनर्जीचे असे वाभाडे काढले की ऐकवेना. फ्रिजची कंपनी, रंग, त्यात बर्फ कसा जमत नव्हता, सगळं काढलं. तो म्हणाला की हा माणूस गेला त्या दिवसापासून आपण कधी वीस गुणांच्या फरकाने हरलो नव्हतो ते हरायला लागलो, ह्याचं नाव लिहाल तर त्याखाली फ्रिजचंही चित्र काढा. आणि मग थाळी फिरली, तेव्हा पहिलं पान शांतूने टाकलं. गुरमीत चिडून म्हणाला, अभी तो तू उसकी धज्जियाँ उड़ा रहा था. तेव्हा शांतूने थाळीतल्या पानाकडे बोट दाखवत दिलेलं उत्तर आमच्यात म्हण होऊन बसलं.

"ऐतराज मेरी ड्यूटी है, सरदारजी. पत्ता मेरा अपना है."

बॅनर्जीचं नाव त्या वर्षी लागलं. कोलकात्याहून त्याचा मुलगा येऊन भिंतीचा फोटो काढून घेऊन गेला. त्याला आम्ही फ्रिजचं सांगितलं नाही.

पुढे मतदारच एकेक करून कमी होत गेले आणि भिंतीवर जाऊ लागले. त्यागी गेला, नायर गेला. प्रत्येकाच्या नावाला शांतूने उभं राहून हरकत घेतली, डोळे पुसत घेतली, पण घेतली. त्यागीच्या बायकोने तर पंपघरापाशी खुर्ची मागवून ती ऐकली. त्यागी कसा चिडला की पास द्यायचाच विसरायचा, कसा सामन्याच्या दिवशी भरपेट पराठे खाऊन यायचा… ती हसत होती आणि रडत होती. नंतर मला म्हणाली की श्रद्धांजलीच्या सभेत लोक ज्याच्याबद्दल बोलले तो मला कुणी परका वाटला, तिवारी-शर्मा कोणीही; इथे मात्र माझा नवरा भेटला. शांतूला हे सांगितलं तर म्हणाला, मग, उगाच का मी बोंबलत असतो?

आता सांगतो ह्या दसऱ्याचं. शांतूला जाऊन काही आठवडेच झाले होते. चर्चमधली प्रार्थना, दफन, सगळं नीट पार पडलं होतं, आणि पाद्री साहेब त्याच्याबद्दल इतकं गोड बोलले की मला दोनदा बोट वर करावंसं वाटलं. मतदार उरलो होतो मी, गुरमीत आणि दुसऱ्या ब्लॉकमधला खन्ना. नाव अर्थात एकच होतं. पण हरकत कोण घेणार? खन्ना म्हणाला की ह्या वेळी नियम राहू दे, बिनविरोध लिहून टाकू. गुरमीतनेही मान डोलावली. बिनविरोध! शांतूचं नाव! मला ते जन्मात मान्य होणं शक्य नव्हतं, पण मीच घेतो असंही तोंडातून निघेना. मला भीती वाटत होती, ती सरळ सांगतो. त्याच्या विरुद्ध मी आयुष्यभर बोललो, पण तो समोर बसलेला असताना. उत्तर द्यायला नसलेल्या माणसाशी कसं भांडायचं? आणि नाही भांडलो, तर त्यागीच्या बायकोला जे मिळालं ते करुणावहिनींना मिळणार नव्हतं. त्यांचा नवरा तसाच गोडगोड, परका होऊन भिंतीवर जाणार होता.

सोनं आणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. संध्याकाळी आम्ही तिघं म्हातारे रिकाम्या हातांनी पंपघरापाशी उभे, आणि करुणावहिनी कचनारची पानं घेऊन खाली आल्या. स्वतः तोडली होती, काही देठासकट, काही फाटलेली. आम्हाला प्रत्येकाला पान दिलं, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा म्हणाल्या, आणि बाकावर बसल्या. शांतूच्या जागेवर नाही, शेजारी. लांबून रामलीलेचा लाऊडस्पीकर ऐकू येत होता. मी घसा साफ केला आणि म्हटलं, माझी हरकत आहे. मग बोलायला लागलो. शांतवन साळवे ह्यांचा डावा हात जरा कच्चा होता, ते पंचांशी फार वाद घालत, त्यामुळे संघाचं कधी कधी नुकसान झालं, परंतु त्यांची निष्ठा…

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "ही हरकत आहे की पाद्रीसाहेबांचं भाषण?"

मी थांबलो. त्या माझ्याकडे बघत होत्या, वॉर्डात औषध न घेणाऱ्या माणसाकडे बघत असतील तशा. म्हणाल्या, "जे म्हणायचंय ते म्हणा. त्यासाठीच आलेय मी खाली."

मग मात्र मी म्हटलं. आवाज चढला माझा. म्हटलं की ह्या माणसाने आमच्या आयुष्यातला एकमेव अंतिम सामना घालवला. मी बास्केटखाली उभा होतो, माझ्या अंगावर कोणी नव्हतं, मी ओरडत होतो, आणि ह्याने चेंडू दिला नाही, कारण ह्याला स्वतःला हिरो व्हायचं होतं. आणि जन्मभर ते कबूल केलं नाही. मरतानासुद्धा नाही. मीठ-मिरीच्या बाटल्या नाचवल्या, मला वेडा ठरवला, माझ्या आईच्या दिवसांतसुद्धा सोडलं नाही. मी मोकळा होतो! गुरमीतने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"होता तुम्ही मोकळे," करुणावहिनी म्हणाल्या.

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघायला लागलो. मी विसरूनच गेलो होतो की तेव्हा त्यांचं नुकतंच ठरलेलं होतं आणि होणाऱ्या नवऱ्याचा खेळ बघायला त्या भावाबरोबर आल्या होत्या, समोरच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्या शांतपणे सांगत गेल्या. त्यांनी शांतूला तेव्हाच विचारलं होतं, त्यांना का नाही दिलात? तर म्हणाला होता, दिसलाच नाही. मग लग्नानंतर कधीतरी म्हणाला, दिसला होता गं, पण वाटलं माझाच जाईल. मी विचारलं की मग मला का कधी सांगितलं नाही त्याने?

"मी म्हणायचे, सांगून टाका एकदाचं, किती छळाल त्यांना. तर म्हणायचे, सांगितलं की संपलं. मग रविवारी येऊन तो बोलणार काय? गुरमीतचे गुडघे?"

गुरमीतला मराठी नीट कळत नाही, पण स्वतःचं नाव आणि गुडघे एवढं कळलं. त्याला हिंदीत सांगितलं तेव्हा तो इतक्या मोठ्याने हसला की खन्ना दचकला, आणि मग पगडीचं टोक डोळ्यांना लावून तसाच उभा राहिला. थाळी फिरली. पहिलं पान मी टाकलं. गुरमीतने माझ्याकडे पाहिलं, तसं मी म्हटलं, ऐतराज ड्यूटी थी, पत्ता मेरा है. मग त्याचं पान पडलं, खन्नाचं पडलं. एवढ्यात समोर रावण पेटला.

दिवाळीआधी पेंटरने नाव लिहिलं. अक्षरं चांगली आहेत, फक्त ‘साळवे’मधला ‘ळ’ त्याला जमला नाही, हिंदीवाल्यांना जमत नाही, दोनदा गिरवला तरी जिलबीसारखा दिसतो. शांतूने ह्यावर निदान आठवडाभर काढला असता. रविवारी सकाळी मी अजूनही जातो. आधी वर, वहिनींकडे चहा, मग खाली मैदानापाशी बाकावर. आता माझ्याशी वाद घालायला कोणी नाही. गुरमीत, खन्ना, वहिनी, सगळ्यांचं एकमत आहे की मी मोकळा होतो. इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडलो ते मला पूर्णपणे मिळालं आहे, आणि रविवार संपता संपत नाही.

परवा तिथे बसलो असताना कोणी आसपास नव्हतं. भिंतीवरच्या त्या जिलबीकडे बघत मी म्हटलं, "बरं बाबा… नव्हतो मी मोकळा. तुझंच खरं." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हार मानली. आणि लगेच लक्षात आलं की शांतू असता तर हेही त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं नसतं. जागच्या जागी उलटा फिरला असता, उजव्या हाताचं बोट वर केलं असतं आणि म्हणाला असता, "माझी हरकत आहे. होतास."